अख्खी चकती

मोठी वस्तू लहान दारातून आत न्यायची असेल, तर ती बाहेर खोलायची, तुकडे आत न्यायचे आणि आत पुन्हा जोडायची. मामांच्या सुतारकामातलं हे पहिलं कलम होतं. उमेदीच्या काळात त्यांनी लोकांच्या घरांत कपाटं, पलंग आणि एकदा तर बिलियर्डचं टेबलसुद्धा याच रीतीने पोचतं केलं होतं. "जरा तिरकं धरून बघू या की," म्हणणारी माणसं त्यांना जन्मभर भेटत आली, आणि अशा माणसांच्या घरच्या चौकटी कोपऱ्यांवर खरवडलेल्या असतात हेही त्यांनी पाहून ठेवलं होतं.

आता मामा घरोघर जात नसत. विज्ञान संग्रहालयाच्या तळघरात त्यांची कार्यशाळा होती आणि तिथे ते चालती मॉडेलं बनवत. चालती म्हणजे हँडल फिरवलं की ज्यांत काहीतरी घडतं, अशी. त्यांच्या हृदयात लाल पाणी खरोखर झडपांमधून जायचं. त्यांच्या कानातली इवली हाडं टाळी वाजवली की हलायची. प्रत्येक मॉडेलाची एक बाजू काचेची. "आपल्या कामात झाकलेलं काही नसतं," हे त्यांचं दुसरं कलम.

ते सगळ्यांचे मामा झाले त्याला कारण त्यांची भाची. वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारी ही मुलगी एकदा कार्यशाळेच्या जिन्यावरून "मामाऽ" अशी हाक मारत उतरली, आणि त्या दिवसापासून दारावरच्या रखवालदारापासून संचालकांपर्यंत सगळेच त्यांना मामा म्हणू लागले.

संचालकांना सगळे साहेब म्हणत. साहेब माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला नव्याची हौस फार. वरच्या मजल्यावर 'अन्नाचा प्रवास' नावाचं नवं दालन होत होतं आणि त्यात भिंतभर स्क्रीन लागल्या होत्या. बोट लावलं की जठर हलायचं, बोट लावलं की यकृत चमकायचं. एकच कोपरा रिकामा होता. रक्तातलं लोह अन्नातून शरीरात कसं येतं, त्याचा.

"हा कोपरा तुमचा, मामा," साहेब म्हणाले होते. "मंगळवारी विश्वस्त मंडळ बघायला येतंय. चाललं तर चाललं. अडकलं, तर तिथेही स्क्रीन. आणि मग खरं सांगू? मग खाली कार्यशाळा ठेवायचं कारण मला मंडळाला पटवता यायचं नाही. खुर्च्या ठेवायला जागा हवीच आहे त्यांना."

साहेब हे हसत म्हणाले, पण मामांना त्या रात्री जेवण गेलं नाही. कार्यशाळेत खुर्च्या! रंध्याच्या आणि सरसाच्या वासात, एकावर एक रचलेल्या खुर्च्या!

म्हणून मामांनी त्या मॉडेलात जीव ओतला. भाचीने फोनवर सांगितलेलं त्यांनी नीट ऐकलं होतं, निदान त्यांना तसं वाटत होतं. मांसातलं लोह सुटं नसतं. 'हीम' नावाच्या एका चकतीच्या मधोमध ते बसलेलं असतं, अंगठीतल्या खड्यासारखं. मामांनी लाकडाच्या सुबक चकत्या कातल्या, प्रत्येक चकतीचे दोन अर्धे केले, त्यांना लोहचुंबक लावले, मधल्या खाचेत एकेक चकचकीत छर्रा बसवला आणि बाहेरून तांबडा रंग दिला. मग लहान आतड्याची भिंत केली. तिच्यावर बोटांसारखे उंचवटे, आणि त्यांना गुलाबी मखमल. हँडल फिरवलं की चकत्या घसरणीवरून ओळीने खाली येत, भिंतीशी थांबत, वरून एक पाचर उतरून चकतीचे दोन तुकडे करी, छर्रा भिंतीतल्या भोकातून टणकन पलीकडे जाई आणि रिकामे अर्धे अलीकडे पडत. शंभरदा फिरवा, शंभरदा तेच. मामा एकटेच हँडल फिरवत बसले आणि स्वतःशीच हसले.

तपासायला भाची आली ती उपाशीच आली. मामीने दिलेल्या डब्यातली पोळी-भाजी तिने मॉडेलासमोरच उघडली.

"काय देखणं झालंय रे मामा! ही मखमल कुठली?"

"मामीच्या जुन्या झग्याची. तिला अजून माहीत नाही. बघ आता."

मामांनी हँडल फिरवलं. चकती आली, पाचर उतरली, टण. भाची चावायची थांबली.

"पुन्हा फिरव."

टण.

"मामा, हे उलटं झालंय."

"उलटं? सरळ तर जातंय."

"तू चकती बाहेर फोडतोयस. ती बाहेर फुटत नाही. ती अख्खी आत जाते, आणि आत गेल्यावर फुटते."

मामांनी चष्मा कपाळावर चढवला. "अगं, वेडी का खुळी? एवढी चकती, एवढंसं भोक. खोलल्याशिवाय आत जाईल कशी? तूच म्हणालीस ना, पोटात सगळं सुटं होतं म्हणून?"

"वरचं वेष्टण सुटं होतं. ही चकती प्रथिनाच्या मोठ्या गाठोड्यात असते, ते गाठोडं बाहेरच सुटतं. तिथवर तुझं बरोबर आहे. पण चकती तशीच राहते. आणि मामा, हीच तर सगळी गंमत आहे!" भाचीने डबा बाजूला ठेवला. तिला शिकवायचं म्हटलं की भूक लागत नसे. "पालकातलं लोह सुटं असतं. सुटं लोह म्हणजे बाजारात हरवलेलं पोर. चहा भेटला, चहाने पकडून ठेवलं. कोंडा भेटला, कोंड्याने धरलं. घरापर्यंत थोडंच पोचतं. मांसातलं लोह चकतीत बसून येतं, आईच्या कडेवरून. त्याला चहा फारसा हात लावू शकत नाही. म्हणून ते जास्त पोचतं. तू त्याला दाराबाहेरच कडेवरून उतरवलंस, मग दोघांत फरक काय उरला?"

मामांनी एक चकती भोकावर धरून पाहिली. मग एकदम म्हणाले, "बरं. अख्खी तर अख्खी. कुठल्या दाराने जाते ते सांग. मापाचं दार करतो."

भाचीने डबा पुन्हा पुढे ओढून पोळीचा तुकडा मोडला. "तेच नक्की माहीत नाही."

"तुला?"

"कुणालाच. सुट्या लोहाचं दार सापडलंय. चकतीचं नाही. मध्ये एक सापडलं असं वाटलं होतं, मोठा गाजावाजा झाला. मग कळलं, त्याचं मुख्य काम भलतंच. ते एका जीवनसत्त्वाला आत घेतं. चकतीसाठी ते किती उघडतं, यावर अजून भांडणं आहेत."

"म्हणजे," मामा एकेक शब्द ठोकत म्हणाले, "जे दार कुणी पाहिलेलं नाही, ते मी करायचं. त्यातून जी चकती मावत नाही, ती न्यायची. आणि ते काचेतून दाखवायचं. मंगळवारी."

"मी असं म्हटलं नाही."

"मग हे असंच ठेवू. चालतंय छान. तू फक्त साहेबांना सांग, बरोबर आहे म्हणून. विश्वस्तांपैकी कोण बघणार आहे पाचर आत आहे की बाहेर?"

भाचीने हातातला तुकडा डब्यात परत ठेवला. मामांच्या कार्यशाळेची गोष्ट तिलाही ठाऊक होती. शेवटी ती म्हणाली, "सांगते हवं तर. तुझ्यासाठी सांगेन. पण पुढच्या वर्षी माझीच पोरं इथे सहलीला येतील आणि हेच शिकून वर्गात येतील. मग मी त्यांना काय म्हणू, माझ्या मामाने चुकीचं केलंय?"

"डबा संपव तुझा," मामा म्हणाले आणि करवतीला तेल लावायला गेले. करवतीला तेल कालच लावलेलं होतं.

संध्याकाळी घरी मामा तोंड पाडून बसले. मामी गाद्या-उशांचे अभ्रे बदलत होती. एवढी वर्षं संसार केल्यावर नवऱ्याच्या गप्प बसण्याचे प्रकार तिला वेगवेगळे ओळखू येत. आजचं गप्प बसणं चूक कळल्याचं होतं, पण ती कबूल करायची नसल्याचं.

"काय म्हणाली भाची?"

"म्हणाली, कपाट न खोलता आत न्या."

"मग न्या की. एवढं काय त्यात?"

"अगं, दार लहान आहे!"

"मग दाराला सांगा जरा मोठं व्हायला," मामी म्हणाली आणि तिने उशी उचलली.

मामीची अभ्रा घालायची एक रीत होती. अभ्रा उलटा करून त्यात दोन्ही हात कोपरापर्यंत घालायचे, आतूनच उशीची दोन टोकं पकडायची, आणि एक झटका द्यायचा. अभ्रा सुलटा होत उशीवरून घसरत यायचा आणि उशी गडप. मामांनी हे हजारदा पाहिलं होतं, म्हणजे कधीच पाहिलं नव्हतं.

"थांब!" मामा ओरडले.

मामीच्या हातून उशी पडली. "काय हो! झुरळ आहे का?"

"पुन्हा कर."

"काय पुन्हा करू?"

"उशी आत घे. सावकाश."

मामीने उशी आत घेतली. सावकाश. मग बाहेर काढून पुन्हा. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "आता उरलेल्या तुम्ही घाला, एवढी आवड आहे तर." आणि खरंच घातल्या मामांनी, घरातल्या सगळ्या. भोक मोठं करायची गरजच नव्हती. भिंतच मऊ हवी होती. कापडाने पुढे यायचं, चकतीला मिठी मारायची आणि आत वळायचं.

"तुझ्याकडे ताणणारं कापड आहे का गं?"

"आहे. पण आधी माझा मखमली झगा कुठे गेला ते सांगा."

तो हिशेब मामांना फार महागात पडला, पण कापड मिळालं. मामीनेच त्याची एक बाही शिवून दिली: मनगटाएवढी रुंद, पलीकडच्या तोंडाला इलॅस्टिक. दुसऱ्या दिवशी मामांनी भोकाभोवतीची कडक भिंत कापून काढून तिथे बाही बसवली आणि पाचर उचलून आतल्या बाजूला नेली. चकत्यांच्या आतल्या बाजूला त्यांनी हिरवा रंग दिला. भाचीने बोलता बोलता सांगितलं होतं की आत चकती फुटते तेव्हा लोह सुटतं आणि उरलेल्या तुकड्याचा रंग हिरवा होतो. मुका मार लागलेली जागा पुढे हिरवट दिसते ना, तोच हा हिरवा. छर्रा आता एका वाटीत पडत होता, आणि त्याच वाटीत एका अरुंद नळीतून पालकाचे सुटे छर्रेही येत होते. आत आल्यावर दोघांत काही भेद नाही. वाटीला मागे एक दार, त्याला खिट्टी. शरीरात साठा पुरेसा असला की यकृत तिकडून निरोप धाडतं आणि हे मागचं दार लावलं जातं. खिट्टी पोरांच्या हाताला येईल इतकी खाली.

भाची पुन्हा आली, तिने हँडल फिरवलं आणि ती टाळ्या वाजवायची तेवढी राहिली. "मामा, भिंतीने स्वतःच वळून गिळायचं, असं म्हणणारे खरंच आहेत!"

"बघ!" मामांची छाती फुगली.

"आणि नाही म्हणणारेही आहेत. ते म्हणतात, वेगळा वाहक असणार, तो उचलून आत ठेवत असणार."

छाती पुन्हा जागेवर आली. मामा बाहीकडे बघत राहिले. काचेतून बाहीची प्रत्येक सुरकुती दिसत होती. पोरांनी हे पाहिलं की ती म्हणणार, अस्सं होतं तर. आणि असंच होतं की नाही, हे कुणालाच ठाऊक नाही.

मग मामांनी जे केलं ते त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. त्यांनी काचेच्या तेवढ्याच भागावर आतून काळा रंग मारला. चकती बाहीच्या तोंडाशी जाताना दिसायची, पलीकडे फुटताना दिसायची; मधलं काही दिसायचं नाही. आणि बाजूच्या पाटीवर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: 'चकती इथून अख्खी आत जाते. कशी, ते अजून शोधत आहेत. तुम्हाला काय वाटतं? हात घालून बघा.'

साहेबांनी पाटी वाचली आणि ते हादरले.

"मामा, लोक तिकीट काढून येतात! त्यांना आपण सांगायचं की आम्हाला माहीत नाही?"

"आम्हाला नाही, साहेब. कुणालाच."

"ते आणखी वाईट! बाजूची स्क्रीन बघा, तिला सगळं माहीत आहे. पाटी तरी काढा."

"पाटी काढली तर काळी काच म्हणजे काम अर्धवट राहिल्यासारखी दिसेल. आणि बाही उघडी ठेवली तर थाप होईल." मामा साहेबांशी असं कधी बोलले नव्हते. "कार्यशाळेत खुर्च्या ठेवायच्या तर ठेवा. पण हे असंच राहील."

"बघू मंगळवारी," म्हणून साहेब निघून गेले.

मंगळवारी विश्वस्त आले. चांगले इस्त्रीचे कपडे, हळू चालणं, प्रत्येक स्क्रीनपुढे "वा वा" आणि पुढे. जठरापुढे वा वा, यकृतापुढे वा वा. मामांनी कोपऱ्यात उभ्या उभ्या मोजायचं नाही ठरवूनही वा वा मोजले. भाची त्यांच्या शेजारी होती, तिने सुटी काढली होती. मामीही आली होती, आणि भिंतीवरच्या आपल्या झग्याकडे करड्या नजरेने बघत होती.

"आणि हे आमच्या मामांचं," साहेब घाईघाईने म्हणाले.

मामांनी हँडल फिरवलं. चकती घसरणीवरून उतरली, भिंतीशी आली, बाहीत शिरली. आणि बाहेर आलीच नाही.

मामांनी आणखी अर्धा फेरा दिला. आत काहीतरी करकरलं. मामीने काल रात्री "सैल वाटतंय" म्हणून नवं इलॅस्टिक घातलं होतं, ते तिला आत्ता आठवलं. तिने पदराने तोंड झाकलं. साहेबांनी छताकडे पाहिलं. मामांना खुर्च्या दिसल्या, अगदी स्पष्ट, पाठी मोडलेल्यासुद्धा.

"अडकली वाटतं," एक विश्वस्त म्हणाले.

त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्क बाई मात्र पाटी वाचत होत्या. सावकाश, ओठ हलवत. वाचून झाल्यावर त्यांनी पर्स साहेबांच्या हातात दिली, बांगड्या वर सारल्या आणि सरळ बाहीत हात घातला.

"अगं बाई! मऊ आहे! ... इथे आहे. पकडली. अहो, हे मला आत ओढतंय!"

"ढकला, आजी!" भाची ओरडली.

"ढकलते की!"

पलीकडून चकती पट्कन बाहेर पडली, पाचर उतरली, दोन हिरवे तुकडे उताणे झाले, आणि छर्रा वाटीत गेला, टण! बाईंनी अशी किंकाळी फोडली की दालनाच्या दारातला रखवालदार धावत आला.

"हिरवी झाली! पाहिलंत का? आत हिरवी झाली! पुन्हा फिरवा हो, पुन्हा!"

त्यानंतर जे झालं त्याला रांग म्हणता येणार नाही. ज्यांना हळू चालायची सवय होती ते भराभर पुढे आले. एकाने हात घालून जाहीर केलं की भिंतच गिळते, दुसरं काही असूच शकत नाही. दुसऱ्याने हात घालून सांगितलं की छे, आत कुणीतरी ओढतंय, म्हणजे वाहकच असणार. दोघे जुने मित्र होते आणि आतड्याच्या भिंतीवरून त्यांचं चांगलंच जुंपलं. भाची मध्ये पडली आणि दोघांनाही म्हणाली, "तुमचं म्हणणं खोटं ठरलेलं नाही अजून," तर दोघांनाही आपण जिंकलो असं वाटलं. खिट्टी लावून बसलेल्या तिसऱ्या गृहस्थांना मागचं दार सोडायचंच नव्हतं; "साठा पुरेसा आहे," ते अधिकाराने म्हणत होते.

मामा हँडल फिरवत होते. चकत्या आता आपणहून जात होत्या. एवढ्या हातांनी इलॅस्टिक हवं तेवढं सैल करून टाकलं होतं. दंड भरून आला तरी ते थांबेनात.

"पुढे अजून दोन स्क्रीन आहेत," साहेबांनी हळूच आठवण केली. कुणी ऐकलं नाही. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, बाईंची पर्स मामीच्या हातात दिली, कोटाची बाही वर केली आणि स्वतःही हात घातला. काही क्षण त्यांचा चेहरा एखाद्या शाळकरी पोरासारखा झाला.

"आई शप्पथ," साहेब म्हणाले.

जाताना वयस्क बाईंनी साहेबांना विचारलं, की या सुतारमामांच्या हाताखाली माणसं किती, आणि एकही नाही हे ऐकून त्यांच्या भुवया वर गेल्या. साहेब पुढचं सगळं त्यांच्या भुवयांतच वाचत जिन्यापर्यंत गेले आणि तसेच परत आले.

"मामा, खुर्च्यांसाठी दुसरी जागा बघतोय मी," ते म्हणाले. "आणि पुढच्या दालनात मूत्रपिंड आहे. मंडळ म्हणतंय, तेही तुम्हीच करा. पण असंच करा बरं का. हात घालायला काहीतरी हवं."

साहेब गेल्यावर मामा स्टुलावर टेकले. मामी भिंतीजवळ जाऊन मखमल चाचपत होती आणि स्वतःशीच म्हणत होती की इथे तरी दिसतो चार लोकांना, नाहीतर पेटीत पडून होता.

मामांनी खिशातून पेन्सिल काढली, कानावर ठेवली आणि भाचीकडे वळले.

"हं, बस इथे. मूत्रपिंड. आधी हे सांग, त्यातलं काय काय कुणाला माहीत नाही?"